बाप्पाला निरोप देऊन आम्ही तिघी बँकॉकला: वर्ल्ड चॅम्पियनशिपचे शेवटचे दोन दिवस

पहिला दिवस: गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

बँकॉकला चाललोय असं घरी सांगितलं तेव्हा दिरांनी आधी जोरात खोकून घेतलं आणि मग विचारलं, वहिनी, तिकडे नक्की काय बघायला चाललाय? व्हॉलीबॉल म्हणल्यावर घरात दोन मिनिटं कोणी काही बोलेना. सासूबाई म्हणाल्या, अगं पण व्हॉलीबॉल तर आपल्या हिरावाडीलापण असतं की.

तर ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, बायकांची वर्ल्ड चॅम्पियनशिप यंदा थायलंडमध्ये होती, २२ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर, आणि पहिल्यांदाच ३२ देश. भारत त्या ३२ मध्ये नाही, ते दुःख वेगळं. आम्ही फक्त सेमी आणि फायनलची तिकिटं काढली होती, कारण आमचा गणपती गौरींबरोबर जातो, २ तारखेला विसर्जन झालं की मी मोकळी. त्याआधी घर सोडणं शक्यच नव्हतं, फायनलमध्ये साक्षात भारत असता तरी.

आम्ही म्हणजे तिघी. मी, माझी शाळेपासूनची मैत्रीण जिला आम्ही अजूनही कॅप्टनच म्हणतो (तिचा नवरासुद्धा म्हणतो) आणि कॅप्टनची लेक, वय १५, नाशिकमध्येच एका क्लबात खेळते. मी आणि कॅप्टन ९३ ते ९६ शाळेच्या टीममध्ये होतो. ती लिफ्टर, म्हणजे शूटरला मारायला बॉल वर उचलून देणारी. आणि मी... मी काय होते हे तेव्हा कोणालाच सांगता यायचं नाही. शूटिंग, म्हणजे नेटवरून बॉल जोरात मारणं, जमायचं नाही, उंची पाच फूट एक इंच, ब्लॉकला उडी मारली की नेटच्या वर फक्त बोटांची नखं. पण मागे पडलेला बॉल मी उचलायचे, कसाही, कुठूनही. सर म्हणायचे, "ही मारत काही नाही, पण मरू देत नाही." लिबेरो, म्हणजे मागे राहून नुसता बॉल उचलणारी खेळाडू, ही गोष्ट खेळात आली १९९८ ला, तोवर माझी बारावी होऊन बूट माळ्यावर गेले होते. दोन वर्षं उशीर झाला बघा त्यांना.

दुपारी दोनला इंदिरानगरहून टॅक्सीने निघालो. ड्रायव्हर दादा म्हणाले कसारा घाटातून नको, इगतपुरीहून समृद्धी घेतो, जूनमध्ये शेवटचा टप्पा सुरू झालाय. आणि खरंच, तो जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा संपेस्तोवर घाट कधी मागे पडला कळलंच नाही, कॅप्टन मात्र नाराज, तिला घाटातलं धुकं आणि भाजलेलं कणीस हवं होतं. पण समृद्धी आमण्याला संपतो आणि तिथून पुढे आपला नेहमीचा भिवंडी. एका खड्ड्यात टायर गेला तो गेलाच. भर पावसात स्टेपनी लावेपर्यंत आम्ही तिघी एका गोडाऊनच्या पत्र्याखाली उभ्या, लेक फोनवर क्वार्टर फायनलचे स्कोर वाचून दाखवतीये. तुर्कीने अमेरिकेला ३-१ ने काढलं. मग पुन्हा ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा ब्राझील ३, फ्रान्स ०. आदल्या दिवशी इटलीने पोलंडला आणि जपानने नेदरलँड्सला घरी पाठवलेलं. म्हणजे सेमी ठरल्या, जपान-तुर्की आणि इटली-ब्राझील. कॅप्टन म्हणाली, "आपण पोचलो तर." विमान रात्रीचं होतं म्हणून पोचलो.

दुसरा दिवस: शुक्रवार, ५ सप्टेंबर

विमानप्रवास चार सव्वाचार तासांचा, त्यात झोप शून्य, कारण कॅप्टनने सीटबेल्टची खूण विझल्या विझल्या कोंडाजी चिवड्याचं पाकीट फोडलं आणि त्या वासाने पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या, मग वाटत बसलो. बँकॉकचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. तेव्हा आपल्याला व्हिसा लागत नव्हता, पण १ मेपासून त्यांचं एक डिजिटल अरायव्हल कार्ड आधी ऑनलाइन भरावं लागतं. कॅप्टनने जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटा टाकला होता. रांगेतून बाहेर, पुन्हा भर, पुन्हा रांगेत. लेक एवढंच म्हणाली, "आई, तू बँकेत काम करतेस ना?"

एअरपोर्टवरूनच रेल्वे आहे, एअरपोर्ट रेल लिंक. आम्ही हॉटेल मुद्दाम रामखामहेंग भागात घेतलेलं, कारण स्टेडियम तिकडे आहे, हुआ माक इनडोअर स्टेडियम. (जाणाऱ्यांसाठी: हुआ माक नावाचं स्टेशनही आहे पण ते काही स्टेडियमच्या दारात नाही, उतरून पुढे टॅक्सी लागते. आम्ही बॅगा घेऊन अर्धा किलोमीटर चाललो मग अक्कल आली.) हॉटेलातल्या टीव्हीवर सगळीकडे एकच चाललेलं, त्यांच्या संसदेत नवीन पंतप्रधान निवडत होते त्याच दिवशी. अनुतिन चार्नवीराकुल निवडून आले असं संध्याकाळी कळलं. रिसेप्शनवरच्या मुलीला लेकीने विचारलं तुम्हाला काय वाटतं, तर ती हसून म्हणाली, थायलंड व्हॉलीबॉल लूज टू जपान, आय क्राय. पंतप्रधान कोण झाला याचं तिला काही नव्हतं. थायलंडला जपानने प्री-क्वार्टरमध्येच ३-० ने बाहेर काढलं होतं ना.

सामने नव्हते म्हणून संध्याकाळी गणपती शोधायला निघालो. उद्या अनंत चतुर्दशी आणि आपण परदेशात, हे काही मनाला पटत नव्हतं. हुआय ख्वांगच्या चौकात गणपतीचं देऊळ आहे, अगदी भर रस्त्यावर, सिग्नलच्या कोपऱ्यात. फ्रा फिकानेत म्हणतात ते. झेंडूच्या माळा, ऊस, केळी इथपर्यंत सगळं ओळखीचं, पण समोर ओळीने लाल सरबताच्या बाटल्या आणि प्रत्येक बाटलीत स्ट्रॉ. बाप्पाला स्ट्रॉ! कॅप्टन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सोंडेला सोयीचं पडत असेल." तिथे लोक उंदराच्या कानात इच्छा सांगतात, दुसरा कान हाताने झाकून, म्हणजे ऐकलेलं बाहेर पडू नये. लेकीने बरंच काहीतरी सांगितलं. आम्ही विचारलं तर म्हणे, सांगितलं तर होत नाही. दुर्वा कुठे मिळेनात, मग कॅप्टनने पर्समधून घरच्या गणपतीचा सुकलेला निर्माल्यातला एक मोदक काढला, खव्याचा, तो ठेवला. शेजारची थाई आजी त्या मोदकाकडे आणि आमच्याकडे आलटून पालटून बघत होती आणि मग तिने आम्हाला तिच्यातली दोन केळी दिली.

जेवणाचं काय केलं हे प्रत्येकजण विचारतो म्हणून सांगते. "जे" असं म्हणायचं, म्हणजे शाकाहारी, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं. ते दिसलं तर ठीक, नाहीतर सेव्हन इलेव्हनमधला चीज टोस्ट. चार दिवसात अकरा टोस्ट.

तिसरा दिवस: शनिवार, ६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

सकाळी नाशिकहून व्हिडिओ यायला सुरुवात. वाकडी बारवला गाड्या लागल्या, पथकं उभी, गुलालवाडीचं लेझीम. माझा मुलगा ढोलपथकात आहे, त्याने कमरेला ढोल बांधलेला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आई पहिल्यांदाच मिरवणुकीला नाही." चटका लागला खरा, खोटं कशाला बोलू. ३५ वर्षात मी मेन रोडची मिरवणूक चुकवलेली नाही, बाळंतपणाचं एक वर्ष सोडून.

स्टेडियम बाहेरून जुनंच वाटतं. आहेच जुनं, १९६६ च्या एशियन गेम्ससाठी बांधलेलं. बाहेर चिखल, छत्र्या, तळलेल्या कसल्या कसल्या गोष्टींचे ठेले, गालावर झेंडे रंगवून देणाऱ्या पोरी. आत शिरलो आणि एकदम तो आवाज. टीव्हीवर व्हॉलीबॉल बघणाऱ्यांना हा आवाज माहीतच नाही. लाकडी फ्लोअरवर... म्हणजे लाकूड नाही, वरून सिंथेटिक असतं ते, त्यावर बूट किंचाळतात आणि मधेच शूटरने मारलेला बॉल हातावर आदळतो त्याचा आवाज, "फाट" असा, कोणीतरी ओल्या पोत्यावर फळी मारावी तसा. आमच्या शाळेच्या मैदानावर माती होती, तिथे बॉल "धप" करायचा. आणि नेट म्हणजे दोन लोखंडी पाइपांना सुतळीने बांधलेलं, मधे झोळ पडलेला. बायकांच्या नेटची उंची २.२४ मीटर, आमची मधे कधी दोन मीटर असायची आणि कडेला सव्वादोन. सगळ्या शूटर मधूनच मारायच्या साहजिकच.

पहिली सेमी जपान-तुर्की. गंमत अशी की जपानचा कोच फेरहात अकबाश तुर्की आहे आणि तुर्कीचा कोच दानिएले सांतारेली इटालियन. लेकीला हे सगळं पाठ. मी तर जपानकडूनच होते, आधीपासून. कारण आमचे सर आम्हाला एक गडगडा शिकवायचे, खांद्यावरून, बॉल उचलून तसंच लोळण घेऊन पुन्हा उभं राहायचं. सर त्याला जपानी रोल म्हणायचे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या मुलींनी गोल्ड मिळवलं ते या असल्या रिसीव्हवर, त्यांचा कोच दाइमात्सु त्यांच्याकडून अमानुष सराव करून घ्यायचा. आम्ही तो रोल मुरुमाच्या मैदानावर करायचो. माझ्या डाव्या खांद्यावर अजून निशाण आहे, लग्न ठरताना सासरच्यांना सांगायला लागलं होतं ते कशाचं म्हणून.

पहिला सेट जपानने २५-१६ असा सहज घेतला. काय उचलत होत्या! सगळ्या उचलतात, एकटी लिबेरो नाही, शूटरसुद्धा जमिनीला टेकलेल्या. मी उभी राहून ओरडत होते. मग मेलिसा वर्गास सुरू झाली. मूळची क्युबाची, तुर्कीकडून खेळते, डावखुरी... नाही, उजवीच, लेक म्हणाली मावशी नीट बघ. तिचा हात कुठून येतो हेच कळत नाही इतक्या वेगात. तुर्कीने पुढचे दोन २५-१७, २५-१८, आणि चौथा सेट २७-२५ पर्यंत ताणला जपानने पण गेला. उचलणाऱ्यांनी कितीही उचललं तरी शेवटी मारणारं कोणीतरी लागतंच, हे मला शाळेपासून माहीत आहे आणि शाळेपासून पटलेलं नाही.

संध्याकाळची इटली-ब्राझील म्हणजे, काय सांगू, तिकिटाचे सगळे पैसे त्यातच वसूल. इटली म्हणजे पॅरिस ऑलिंपिकचं गोल्ड, फायनलला अमेरिकेला सरळ ३-० हरवलेलं, आणि तेव्हापासून... खरं तर त्याच्याही आधीपासून एकही मॅच हरलेली नाही. कोच हुलिओ वेलास्को, सत्तरी ओलांडलेले, बाकावर असे बसतात जसे काही रविवार कारंजाला पेपर वाचत बसलेत. ब्राझीलकडे कप्तान गाबी. ब्राझीलच्या बायकांनी ऑलिंपिक दोनदा जिंकलंय पण वर्ल्ड चॅम्पियनशिप एकदाही नाही, चार वेळा फायनल हरल्यात. त्यामुळे अर्धं स्टेडियम गाबीसाठी देव पाण्यात ठेवून बसलेलं.

पण मी बघत होते ती मोनिका दे जेन्नारो. सहा नंबर. लिबेरो. वय ३८, राष्ट्रीय टीमकडून तिची ही शेवटची स्पर्धा. आमच्या जागा कोर्टाच्या मागच्या बाजूला, एंडलाइनच्या रेषेत, जरा वर. लोक म्हणतात ही सगळ्यात वाईट बाजू कारण नेट नीट दिसत नाही. मला तेच हवं होतं.

तर ती उभी कशी राहते ते सांगते. समोरची सर्व्हिसला बॉल आपटत असते तेव्हा दे जेन्नारो टाचा टेकवतच नाही. दोन्ही पाय लांब, गुडघे पुढे आलेले, हात सैल, मांड्यांसमोर लोंबणारे, जसं कोणी खाली पडलेली सुई शोधतंय. आणि बॉल सुटायच्या आधी ती शेजारच्या दोघींना बोटाने काहीतरी दाखवते, तू तिकडे, हा माझा. बॉल सुटला की ती धावत नाही. ती आधीच तिथे असते! लोटांगण क्वचित. आम्हाला वाटायचं जितकं जास्त आपटू तितका डिफेन्स भारी, गुडघे फोडून घ्यायचो आणि टाळ्या मिळवायचो. ही बाई न पडता उचलते. फाट, आणि बॉल वर, गोल गोल न फिरता, लिफ्टरच्या डोक्यावर अलगद. त्यांची लिफ्टर ओर्रो, तिला एक पाऊलही हलायला लागत नाही.

कॅप्टन पहिले दोन सेट काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "असे पास तू मला दिले असतेस तर आपण डिव्हिजन जिंकलो असतो." मी म्हणलं, तू कुठे ओर्रो होतीस.

आणि उंची बघायला गेलं तर लिबेरो म्हणजे टीममधली बुटकी. इटलीची शूटर पाओला एगोनु सहा फुटांच्या बरीच वर, तिच्याशेजारी दे जेन्नारो शाळकरी वाटते. पण ही "बुटकी" आहे पाच फूट आठच्याही वर. आमच्या शाळेत तिला डोळे झाकून मधली ब्लॉकर केली असती आणि कधी बॉल उचलू दिला नसता.

ब्राझीलने पहिला घेतला, इटलीने दुसरा, तिसरा ब्राझीलने ३०-२८ असा, श्वास रोखून, चौथा पुन्हा इटली. पाचवा १५ चाच असतो, त्यात १३-१३ असं झालं असताना माझा फोन वाजला, मुलाचा व्हिडिओ कॉल, धुमाळ पॉइंटला पथक वाजत होतं. मी फोन तसाच वर धरला. इकडून स्टेडियमचा आवाज तिकडे, तिकडून ढोलाचा इकडे, कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. इटली १५-१३. गाबी नेटला धरून उभी राहिली होती आणि मुलगा स्क्रीनमध्ये ओरडत होता, आई काय झालं, काय झालं, पडलीस का?

चौथा दिवस: रविवार, ७ सप्टेंबर, खग्रास चंद्रग्रहण

सकाळी सातला सासूबाईंचा फोन. आज ग्रहण आहे, दुपारपासून वेध, त्यानंतर खायचं नाही, लेकराला तरी जेवू घाल पण तू पाळ. मी विचारलं आई, वेध नाशिकच्या टायमाने धरायचे की इथल्या? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "चंद्र एकच आहे ना?" यावर काय बोलणार. सकाळीच जाऊन दोन टोस्ट खाऊन घेतले.

दुपारी ब्राँझची मॅच, ब्राझील-जपान. असल्या मॅचला लोक येत नाहीत म्हणतात, इथे मात्र बऱ्यापैकी गर्दी. ब्राझीलने पहिले दोन सेट २५-१२ आणि २५-१७ असे उडवले, आम्ही म्हणलं चला, लवकर सुटणार, बाहेर जाऊन पाय मोकळे करू. जपानने पुढचा घेतला. मग चौथा २९-२७. मग पाचवा १६-१८ ने हरल्या. एकेक रॅली इतकी लांब की कोर्ट पुसणारी पोरं टॉवेल घेऊन कडेला ताटकळत, बॉल मरतच नाही तर घाम पुसणार कधी. मॅच संपल्यावर इशिकावा आणि बाकीच्या जपानी मुली रांगेत उभं राहून चारी बाजूंना कमरेत वाकून नमस्कार करत होत्या. लेक रडली. मी पाण्याची बाटली शोधतीये असं दाखवलं.

मग फायनल, इटली-तुर्की.

आता यातली घरगुती भानगड ऐका. तुर्कीचा कोच सांतारेली हा दे जेन्नारोचा नवरा. खरोखरचा. क्लबमध्ये, इटलीतल्या कोनेलियानोत, तोच तिचा कोचसुद्धा. २०२२ ला त्याने सर्बियाला वर्ल्ड चॅम्पियन केलं, नंतर तुर्कीला घेतलं आणि तुर्की पहिल्यांदाच या स्पर्धेच्या फायनलला आलेली. म्हणजे बायकोची शेवटची मॅच, आणि समोरच्या बाकावरून नवरा आपल्या पोरींना सांगतोय की सर्व्हिस कुठे टाकायची, आणि कुठे टाकायची नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार. कॅप्टन म्हणाली, "हे दोघं सकाळी एकमेकांना मेसेज काय करत असतील?" मग स्वतःच म्हणाली, "गुड लक म्हणलं तरी भांडण, नाही म्हणलं तरी भांडण." तिच्या नवऱ्याने एकदा सोसायटीच्या कॅरममध्ये तिच्याविरुद्ध अंपायरिंग केलं होतं, तो विषय अजून मिटलेला नाही.

तुर्कीची सर्व्हिस खरंच तिच्यापासून लांब लांब पडत होती, शेजारणींच्या अंगावर. पहिला सेट २५-२३ इटली. दुसऱ्यात तुर्कीने अक्षरशः धुतलं, २५-१३. वर्गास, एब्रार काराकुर्त, आणि मधे एदा एर्देम, कप्तान, तीही ३८ ची. तिसरा २६-२४ इटली, चौथा २५-१९ तुर्की. असा हा झोपाळा. वेलास्को मधेच एगोनुला बसवून आंत्रोपोव्हाला आणत होते आणि थंडपणे पुन्हा बदलत होते. पाचव्या सेटला मी बसूच शकले नाही, मागच्या थाई बाईने खांद्याला हात लावून विनंती केली तेव्हा पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले.

एक बॉल सांगते, स्कोर आता आठवत नाही. तुर्कीने जोरात मारला, इटलीच्या ब्लॉकला लागून बॉल मागे उडाला, एंडलाइनच्याही मागे, आमच्या बाजूला. दे जेन्नारो पाठमोरी धावत आली, आमच्याकडे तोंड करून, म्हणजे तिचा चेहरा मला समोर दिसला. ताण वगैरे काही नाही चेहऱ्यावर. बघा, पोळी तव्यावर उलटताना बाईचा चेहरा असतो ना, तसा. उजवा हात मागे टाकून, न बघता, बॉल कोर्टात परत. तो पॉइंट कोणाला मिळाला तेही मी बघितलं नाही, खोटं का सांगू. मी तिलाच बघत होते, उठून परत आपल्या जागी जाताना पँटला हात पुसत पुसत गेली.

इटली १५-८. २००२ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड चॅम्पियन, आणि ओळीने ३६ वा विजय. बेस्ट लिबेरो अर्थातच सहा नंबर. मग स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू म्हणून आलेस्सिया ओर्रोचं नाव पुकारलं आणि कॅप्टन खुर्चीवर चढली. ४६ वर्षांची बाई, गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलेली. "लिफ्टर! लिफ्टरला दिलं! तीस वर्षं झाली ओरडून सांगतेय, मॅच लिफ्टर जिंकते!" आजूबाजूचे तुर्की लोक रडत होते आणि ही नाचत होती, लेकीने शेवटी तिला ओढून खाली बसवलं.

बाहेर पडलो तर टॅक्सी मिळेना, चालत चालत हॉटेल. साडेअकराच्या सुमाराला ग्रहण लागलं असणार पण वर नुसते ढग. आम्ही गच्चीवर जाऊन बसलो, रिसेप्शनवालीने खुर्च्या दिल्या. मी वेध पाळत होते, पोटात कावळे. साडेबारा उलटून गेल्यावर एक फट पडली आणि त्यातून चंद्र, तांब्याच्या जुन्या घंगाळासारखा लालसर. मिनिटभर दिसला असेल. लेक म्हणाली, मावशी, नाशिकला फोन कर. तिकडे अकरा वाजलेले, सासूबाई जप करत जाग्या होत्या. म्हणाल्या इकडे ढग आहेत, तुला दिसला का? मी म्हणलं हो. "मग अंघोळ कर. आणि कोण जिंकलं?"

पाचवा दिवस: सोमवार, ८ सप्टेंबर

परतीचा दिवस, सांगण्यासारखं फार नाही. एअरपोर्टला जाताना टॅक्सीवाल्याने आम्हाला इटली समजून, म्हणजे इटलीचे फॅन समजून, काँग्रॅच्युलेशन म्हणलं. कॅप्टनने ते रीतसर स्वीकारलं. मुंबईला उतरलो तर पाऊस, भिवंडीचा तोच खड्डा, यावेळी टायर वाचला. कॅप्टनच्या आग्रहाखातर ड्रायव्हरने जुन्या रस्त्याने, घाटातून गाडी घातली, तिला कणीस मिळालं, खाता खाता झोपली.

मी आणि लेक जाग्या होतो. ती म्हणाली, मावशी, क्लबात सरांनी मला सांगितलंय, लिफ्टर आहेस पण हाइट नाही, पुढच्या वर्षी बघू. मग थोड्या वेळाने म्हणाली, उंदराच्या कानात मी ते नव्हतं सांगितलं हां, दुसरंच सांगितलंय. बरं म्हणलं. मग लिबेरोचे नियम विचारत बसली जे तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत, सर्व्हिस करता येत नाही, ब्लॉक करता येत नाही, नेटच्या वरून मारता येत नाही. "म्हणजे नुसतं उचलायचं," मी म्हणलं. "हो, पण जर्सी वेगळी मिळते," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या क्लबाच्या जर्सींची ऑर्डर द्यायची होती, ती मेन रोडच्या दुकानात मीच देऊन आले. दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन, "ताई, अकरा निळे लिहिलेत आणि सहा नंबर एकटाच पिवळा. लिहिताना चुकलंय का? निळाच छापू ना?"

"नाही दादा, पिवळाच."

"एकच?"

"एकच."

"बघा हं, फोटोत वेगळा दिसेल."